परसदारची दुर्बीण आणि नागपूरचें आकाश

नागपुरांत फेब्रुवारीच्या मध्यास, रात्रीं नऊच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे क्षितिजापासून सुमारें १६ अंश उंचीवर अगस्त्य दिसतो. लंडनच्या आकाशांत तो कधींच उगवत नाहीं. त्याच्या बराच वर व्याध तळपत असतो आणि थोडा पश्चिमेकडे कललेला मृग. हौशी निरीक्षकानें परसांत दुर्बीण मांडावी ती या वेळीं.

लोक भिंगाची चौकशी पुष्कळ करतात, बैठकीची करीत नाहींत. आणि अनेकांचा उत्साह मावळतो तो बैठकीपायींच. नेत्रभिंगांतून आकाशाचें एक अंश रुंदीचें वर्तुळ दिसत असेल, तर पृथ्वीच्या भ्रमणामुळें मृगाजवळचा तारा तें अवघ्या चार मिनिटांत ओलांडून दिसेनासा होतो. म्हणून बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर ठेवावयाचा. नागपूरचा अक्षांश २१. तेव्हां हा अक्ष क्षितिजाशीं तितकाच कोन करून ध्रुवाकडे रोखला, कीं एकच चक्री हळूहळू फिरवून तारा जागच्या जागीं राखतां येतो.

आतां मृगाच्या पोटांतील बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं दुर्बीण वळवावी. सहा इंची आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारें साडेचारशेंपट प्रकाश गोळा करतो. चार चिमुकले तारे आणि त्यांच्याभोवतीं राखी, किंचित् हिरवट धुकें दिसतें: सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर असलेला तेजोमेघ. छायाचित्रांतला तांबडा रंग शोधूं नये. मंद प्रकाशांत काम करणाऱ्या नेत्रपेशींना रंग कळत नाहीं. त्या पेशी दृष्टीच्या मध्यभागीं नसतात, त्यामुळें नजर जरा बाजूस ठेवली तर धुक्याचे पंख अधिक पसरलेले दिसतात.

शहरांत मात्र हे पंख लौकर संपतात. दिव्यांचा वर गेलेला उजेड धूळ व बाष्प यांवर विखुरतो, आणि दुर्बीण तोहि तितक्याच इमानानें गोळा करते. मोठा आरसा घेऊन ही अडचण सुटत नाहीं. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती तेथील गांवांत जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसविल्यावर.

परसांतील निरीक्षकास शेजाऱ्याच्या अंगणांतला दिवा तासभर मालवून घेतां येईल. विनंतीपूर्वीं शेजाऱ्यास नेत्रभिंगाशीं बोलवावें हें बरें. मात्र दिवा गेल्यावरहि डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात, आणि तोंवर मृग आणखी सहासात अंश पश्चिमेस सरकलेला असतो.