औषधाच्या फळीवरचा सल्ला



आपल्या एरंडोलात हमालाचे अंग कणकणले किंवा शेतमजूर बाईला लघवीची जळजळ सुरू झाली, तर ती प्रथम 'मेडिकल'च्या फळीशी जाऊन म्हणतात, "भाऊ, काहीतरी गोळी द्या." याला मी अडाणीपणा म्हणत नाही. दवाखान्याच्या रांगेत दिवस गेला की खाडा पडतो, मजुरी बुडते, शिवाय फी द्यावी लागते. तेव्हा किरकोळ दुखण्यावर औषधाच्या दुकानातच इलाज व्हावा काय, हा प्रश्न आपल्या पोटाशी निगडित आहे.

कायदा काय म्हणतो? १९४५ च्या औषध नियमांतील 'एच' परिशिष्टातली औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' परिशिष्ट लागू झाले. त्यातील औषध देताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१५ च्या नियमांनी फार्मासिस्टवर रुग्णाला औषध समजावून देण्याचे कर्तव्य टाकले. सारांश, आपल्याकडे फार्मासिस्टने सल्ला द्यावा. निदान करून चिठ्ठी लिहू नये.

या बंधनाला कारण आहे. प्रतिजैविकाच्या दोनच गोळ्या भलत्याच तापावर घेतल्या तर ताप हटत नाही, चिवट जंतू मात्र पोसले जातात. गजकर्णावर स्टिरॉइडचे मलम चोळले की खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत जाते.

आता इंग्लंडकडे पाहू. तेथे ३१ जानेवारी २०२४ रोजी 'फार्मसी फर्स्ट' योजना सुरू झाली. घसा, सायनस, मुलांचा कान, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटायगो नावाचे त्वचेवरचे फोड, नागीण आणि १६ ते ६४ वर्षांच्या स्त्रियांची लघवीची जळजळ, या सात दुखण्यांवर फार्मासिस्ट स्वतः औषध देऊ शकतो. मात्र मनास येईल तसे नव्हे. आडोशाच्या खोलीत तो ठरलेले प्रश्न विचारतो आणि नोंद ठेवतो. बाई गर्भार असेल, किंवा जळजळीबरोबर ताप व पाठीत कळ असेल, तर तो तिला डॉक्टरकडे धाडतो.

यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मजुरीची आहे. तेथे प्रारंभी दर तपासणीमागे सरकारने दुकानाला १५ पौंड ठरवून दिले. औषध न देता नुसता सल्ला दिला तरी ते मिळतात. आपल्याकडे दुकानाची कमाई विक्रीवर चालते. "तुला औषधाची गरज नाही," असे सांगणाऱ्याला एक पैसा सुटत नाही. त्याच गल्ल्याच्या हाती निदान दिले, तर गोळ्याच वाढतील.

आणखी एक. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यावयाचे असते. पण कित्येक ठिकाणी भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गोळी देणारा हात दुसऱ्याचा! प्रमाणपत्र भाड्याने द्यावयाचे, शिकलेल्याने घरी बसावयाचे आणि तुटपुंज्या पगारावरच्या पोऱ्याने औषध ओळखावयाचे, हा धंदा रुग्णालाही घातक आणि कामगारालाही.

म्हणून मागणीचा क्रम असा असावा : आधी शिकलेला माणूस पुऱ्या पगारावर फळीशी उभा राहो, मग त्याच्या सल्ल्याला मोल मिळो, त्यानंतर मोजक्या दुखण्यांपुरता अधिकार. तोवर आपण दुकानात गेल्यावर एवढे तरी विचारावे, "तुमच्यापैकी फार्मासिस्ट कोण?" आणि पाकिटावर लाल उभी रेघ दिसली, तर चिठ्ठीवाचून ते औषध घेऊ नये.