उणकलच्या पाण्यावर कॅमेरा

पश्चिमेकडील मलनाडचा पावसाळी डोंगरपट्टा आणि पूर्वेकडील काळ्या मातीचे कोरडे मैदान यांच्या सांध्यावर हुबळी-धारवाड हे जोडशहर वसले असल्यामुळे, झाडीतले तांबट, दयाळ आणि पाणथळीतल्या टिटव्या, शेकाटे, बगळे असे दोन्ही अधिवासांतले पक्षी येथे घरापासून थोड्याच अंतरावर दिसतात. म्हणूनच दूरच्या अभयारण्याची वाट धरण्याआधी केलगेरीचे किंवा दोन्ही शहरांना जोडणाऱ्या रस्त्यालगतचे उणकल असे एकच तळे वर्षभर न्याहाळणे अधिक फलदायी ठरते. कारण चांगले छायाचित्र लेन्सच्या लांबीपेक्षाही पक्ष्याच्या सवयी किती ठाऊक आहेत यावर अधिक अवलंबून असते.

कवड्या खंड्याचेच पाहावे. हा काळा-पांढरा पक्षी सूर मारण्यापूर्वी पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि चोच खाली रोखून मासा हेरतो. त्या वेळी पंख वेगाने हलत असले तरी डोके जवळजवळ स्थिर असते. शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारा पडदा, सेकंदाच्या १/२००० भागाइतकाच काळ उघडा ठेवला, तर फडफडणारे पंखही बरेचसे स्पष्ट उमटतात. असा थांबलेला पक्षी सहसा वाऱ्याकडे तोंड करतो, त्यामुळे वारा आणि सकाळचे ऊन दोन्ही पाठीशी येतील अशी जागा निवडणाऱ्याला त्याचा चेहरा उजेडात आणि समोरून मिळतो.

बगळ्याची अडचण वेगळी आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे नेतो. साहजिकच गडद पाण्यावर पांढरा बगळा असला, की मापक सारे चित्र उजळवतो आणि पिसांतले बारकावे पार नाहीसे होतात, म्हणून प्रकाश मुद्दाम थोडा कमी घ्यावा लागतो.

खरी कसोटी लागते ती अंतर राखण्यात. शेजारच्या गदग जिल्ह्यातील मागडी तळ्याला २०२४ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. तेथे हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस हिवाळ्यात उतरतात, आणि कोणी काठापर्यंत चालत गेले तर विसावलेला थवा उगाचच उठतो. घरट्यांबाबत तर अधिकच संयम हवा, कारण चित्र मोकळे यावे म्हणून आडवी फांदी छाटली, तर पिल्लांवरची सावली जाते आणि कावळ्यांना घरटे सापडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील व्याख्येनुसार रानपक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच मोडते. सुगरण पक्ष्याचा नर मात्र पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांदीला उघड्यावरच घरटे विणतो. गवताची लांब पाती चोचीत धरून तो पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येत असल्याने, पलीकडच्या काठावर न हलता बसणाऱ्याला त्याचे विणकाम जवळ न जाताही टिपता येते.