विश्लेषण : रोज तासन्‌तास मराठी टायपिंग, मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का आणि कोणता?

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांसाठी ओळखले जाते. या गावाचे नाव इनस्क्रिप्ट कळरचनेत टाइप करायचे तर सात कळा आणि दोनदा शिफ्ट, असे नऊ वेळा बोट दाबावे लागते. न पाहता दहा बोटांनी टाइप करण्याच्या पद्धतीत यातले चार दाब करंगळ्यांच्या वाट्याला येतात. म्हणजे जे बोट सर्वांत अशक्त, त्यालाच जवळपास निम्मे काम. दिवसभर ऑनलाइन अर्ज भरणारे सेवा केंद्रचालक, लग्नपत्रिका आणि फलक तयार करणारे डीटीपी व्यावसायिक, टंकलेखनाच्या प्रमाणपत्रासाठी सराव करणारे विद्यार्थी या सगळ्यांचा हाच अनुभव असतो. संध्याकाळी बोटे आखडतात, मनगट भरून येते.

त्यावर उपाय म्हणून ‘मेकॅनिकल’ कीबोर्डचे नाव सुचवले जाते. गेम खेळणाऱ्यांचा, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड अशी त्याची ओळख असली, तरी साधारण दीड-दोन हजार रुपयांपासून तो मिळू लागल्याने टायपिंगवर पोट असलेलेही त्याचा विचार करू लागले आहेत. मात्र आरामासाठी निवड करायची तर दिवे आणि आवाज बाजूला ठेवून दोनच गोष्टी आधी पाहाव्या लागतात : कळ किती हलक्या दाबाने चालते आणि टाइप करताना मनगट किती सरळ राहते.

मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे काय?

चारपाचशे रुपयांच्या नेहमीच्या कीबोर्डमध्ये कळांखाली रबराचे छोटे घुमट आणि त्याखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात. याला मेम्ब्रेन कीबोर्ड म्हणतात. कळ दाबली की घुमट चेपतो, पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. त्यासाठी कळ बहुधा तळापर्यंत दाबावी लागते. काही महिन्यांच्या वापरानंतर रबर सैल किंवा कडक होते आणि काही कळा जड, काही ढिल्या लागू लागतात.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच असतो. त्यात स्प्रिंग, सरकणारी दांडी आणि धातूच्या पट्ट्या असतात. उदाहरणार्थ, जर्मनीच्या चेरी कंपनीच्या लाल स्विचमध्ये कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर दोन मिलिमीटरवरच नोंदले जाते. कळ तळाला आपटण्याची गरज नसते. हलक्या हाताने टाइप करण्याची सवय लावून घेतली, तर बोटांवरचा भार कमी होतो तो इथे. आपटून टाइप करणाऱ्याला मात्र महागड्या कीबोर्डचाही फारसा उपयोग होत नाही.

मराठीसाठी वेगळा विचार का?

इंग्रजीत शिफ्ट लागते ती मुख्यतः मोठ्या लिपीतल्या अक्षरांसाठी. मराठीत तसे नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ साधा, पण ‘ख’ला शिफ्ट, ‘त’ साधा, ‘थ’ला शिफ्ट, ‘ल’ साधा, ‘ळ’ला शिफ्ट. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सारी महाप्राण अक्षरे, शिवाय ण, श, ष, ळ आणि अ, आ, इ, ई यांसारखे स्वतंत्र स्वरही शिफ्ट धरूनच उमटतात. जोडाक्षरासाठी हलन्ताची वेगळी कळ लागते. टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन कळरचनेतही शिफ्टचा वापर भरपूर आहे.

शिफ्ट धरायची ती करंगळीने. त्यात इनस्क्रिप्टमधली ‘च’, ‘ट’ आणि ‘ड’ ही अक्षरेही उजव्या करंगळीच्याच बाजूला आहेत. इंग्रजी टाइप करणाऱ्याला जो स्विच ठीक वाटतो, तो मराठी टाइप करणाऱ्याच्या करंगळीला जड जाऊ शकतो, याचे कारण हेच.

दिवसाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. टंकलेखनात सर्वसाधारणपणे पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात. मिनिटाला ३० शब्दांचा वेग म्हणजे तासाला ९,००० ठोके. दिवसात चार तास सलग टायपिंग झाले, तर ३६,००० वेळा बोट खाली जाते. एकेका ठोक्यातला थोडासा फरकही दिवसाअखेर जाणवतो.

लाल, तपकिरी की निळा?

स्विचच्या प्रकारांना रंगांची नावे आहेत. ही पद्धत चेरी कंपनीमुळे रूढ झाली. आता गेटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्याही त्याच धर्तीचे स्विच बनवतात. स्वस्त कीबोर्डमध्ये बहुधा तेच असतात.

लाल : कळ सरळ खाली जाते, मध्ये अडथळा नाही, टिक असा आवाज नाही. चेरीच्या लाल स्विचला अक्षर नोंदवण्यासाठी ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे बोटावर साधारण ४५ ग्रॅम वजन ठेवल्याइतका दाब लागतो. करंगळीला सर्वांत सोपा. तोटा एवढाच, की बोट नुसते टेकले तरी कधी चुकून अक्षर उमटते. बोटे कळांवर टेकवून विचार करण्याची सवय असलेल्यांच्या चुका सुरुवातीला वाढतात.

तपकिरी : वाटेत हलकासा उंचवटा जाणवतो, त्यामुळे अक्षर उमटल्याचे बोटाला कळते. दाब लालपेक्षा किंचित जास्त. मेम्ब्रेनवरून येणाऱ्याला हा बदल सोपा जातो. तासन्‌तास मराठी टाइप करणाऱ्या बहुतेकांनी सुरुवात इथून किंवा लालपासून करावी.

निळा : उंचवटा आणि सोबत टिक असा खणखणीत आवाज. चेरीच्या निळ्या स्विचला सुमारे ६० सेंटिन्यूटन दाब लागतो. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना हा फार आवडतो. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ हा कीबोर्ड देशभरातल्या कार्यालयांत आणि डीटीपीच्या दुकानांत ओळखीचा झाला, तो याच निळ्या स्विचमुळे. पण लालच्या तुलनेत इथे प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लागतो. शिवाय रात्री घरात कोणी झोपलेले असेल किंवा एका खोलीत दहा जण सराव करत असतील, तर हा आवाज नकोसा होतो.

काळा स्विच लालसारखाच सरळ, पण ६० सेंटिन्यूटनचा. मराठीच्या लांब कामासाठी तो टाळलेला बरा. रंग सारखा असला तरी कंपनीगणिक दाब बदलतो. म्हणून खोक्यावरचा रंग पाहून न थांबता दाबाचा आकडा वाचावा. ४५ ते ५५च्या दरम्यानचा स्विच बहुतेकांना मानवतो.

उंचीकडे दुर्लक्ष का नको?

मेकॅनिकल कीबोर्ड साध्या कीबोर्डपेक्षा बराच उंच असतो. नेहमीच्या टेबलावर, बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तो वापरला, तर मनगट वर मुडपते आणि हातातल्या नसांवर व स्नायूबंधांवर ताण येतो. हलका स्विच घेऊनही दुखणे वाढले अशी तक्रार असते, तेव्हा कारण अनेकदा हेच असते.

त्यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. कीबोर्डखालचे मागचे पाय मिटलेले ठेवावेत. ते उघडले की मनगट आणखी वाकते. खुर्चीवर उशी घालून बसण्याची उंची वाढवावी आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा वीट ठेवावी. कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल आणि मनगट हाताच्या रेषेत असावे. कीबोर्डपुढे ठेवायची गादी तळहात टेकण्यासाठी असते, तीही थांबल्यावर. टाइप करताना मनगट तिच्यावर दाबून ठेवू नये. खुर्ची-टेबल बदलणे शक्यच नसेल, तर ‘लो प्रोफाइल’ म्हणजे बसकी कळ असलेला मेकॅनिकल कीबोर्ड पाहावा.

आकड्यांचा पट्टा हवा का?

आधार क्रमांक, बँक खाते, गट क्रमांक, रक्कम असे आकडे दिवसभर भरणाऱ्यांना उजवीकडचा आकड्यांचा पट्टा असलेला पूर्ण कीबोर्डच हवा. १२ अंकी आधार क्रमांक वरच्या ओळीतून भरणे हे बोटांना आणि अचूकतेलाही महाग पडते. लेखन, मुद्रितशोधन, पुस्तकाची अक्षरजुळणी असे काम असेल, तर पट्टा नसलेला ८७ कळांचा कीबोर्ड सोयीचा. त्यामुळे माउस जवळ येतो आणि उजवा खांदा सतत बाहेर ताणावा लागत नाही.

६० टक्के आकाराचे छोटे कीबोर्ड दिसायला छान असले, तरी त्यात बाणांच्या कळा वेगळ्या नसतात. सतत दुरुस्त्या करणाऱ्यांनी ते टाळावेत.

कळांवर मराठी अक्षरे नसतील तर?

बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डवर फक्त रोमन अक्षरे असतात. त्याने काही अडत नाही. इनस्क्रिप्ट ही संगणकातली सोय आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की कोणत्याही कीबोर्डवर ती चालते. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात तिचा समावेश झाला आणि ती एकदा शिकली की हिंदीसह इतर भारतीय लिप्यांसाठीही अक्षरांच्या जागा त्याच राहतात. नवशिक्यांना देवनागरी अक्षरांचे चिकटपट्टे मिळतात. मात्र घामाने त्यांच्या कडा निघतात आणि बोटाला टोचतात. हात बसला की ते काढून टाकलेले बरे.

परीक्षेचा सराव करणाऱ्यांनी काय करावे?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षा असोत वा लिपिक-टंकलेखक पदासाठी लागणारी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची पात्रता, विद्यार्थ्यासमोर येतो तो केंद्रावरचा कीबोर्ड. तो बहुधा साधा मेम्ब्रेनचाच असतो. वर्षभर हलक्या लाल स्विचवर सराव केलेल्याचा हात ऐनवेळी रबराच्या जड कळांवर अडखळू शकतो. म्हणून रोजचा सराव मेकॅनिकलवर केला, तरी परीक्षेआधीचे तीन-चार आठवडे साध्या कीबोर्डवर बसावे. प्रमाणपत्र हाच एकमेव हेतू असेल आणि घरची ओढाताण असेल, तर मेकॅनिकलवर पैसे घालण्याची घाई नको. साधा पण नवा कीबोर्ड आणि योग्य उंचीची खुर्ची यांनी काम भागते.

धूळ, चहा आणि दुरुस्ती

कंपन्या एका स्विचचे आयुष्य पाच कोटी किंवा त्याहून अधिक ठोके सांगतात. रोजचे ३६,००० ठोके सगळे एकाच कळीवर पडले, तरी पाच कोटी व्हायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल; ते तर साऱ्या कळांत वाटले जातात. म्हणजे स्विच झिजून कीबोर्ड निकामी होण्याची वेळ सहसा येत नाही. तो बिघडतो धुळीने आणि सांडलेल्या चहाने. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात रस्त्यालगतच्या दुकानात धूळ किती बसते, हे वेगळे सांगायला नको. काम संपल्यावर कीबोर्डवर कापड टाकावे आणि महिन्यातून एकदा वायर काढून, कळांच्या टोप्या उपसून मऊ ब्रशने साफसफाई करावी. मेकॅनिकल म्हणजे पाणी चालणारा, असा समज चुकीचा आहे.

तालुक्याच्या गावीही कीबोर्ड दुरुस्त करणारा मिळेल याची खात्री नसते. म्हणून ‘हॉट स्वॅप’ सोय असलेला कीबोर्ड घेणे शहाणपणाचे. त्यात बिघडलेला स्विच चिमट्याने उपसून नवा बसवता येतो, डाग द्यावा लागत नाही. या सोयीचा आणखी एक फायदा असा, की फक्त करंगळीच्या कळांखाली हलके स्विच बसवता येतात. वायरचा कीबोर्ड स्वस्त पडतो आणि चार्जिंगची चिंता राहत नाही.

हाताळून न पाहता घ्यायचा असेल तर?

चारठाण्यासारख्या गावात खरेदी बहुधा ऑनलाइनच होते. मागवण्याआधी ओळखीच्या डीटीपी दुकानात किंवा एखाद्या मित्राकडे वेगवेगळ्या स्विचवर निदान अर्धा तास मराठी मजकूर टाइप करून पाहावा. दोन ओळी टाइप करून काही कळत नाही. थकवा नंतर येतो. तसे शक्य नसेल, तर निरनिराळे स्विच बसवलेली छोटी चाचणी पट्टी मिळते. ती करंगळीने दाबून पाहावी. परत करण्याची मुदत, वॉरंटी आणि सेवा केंद्राचे ठिकाण आधीच वाचावे. कीबोर्ड आल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या कळा तपासाव्यात आणि मुदत संपेपर्यंत खोके जपून ठेवावे. हात नव्या कळांना सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात, हेही ध्यानात असू द्यावे.

दुखणे आधीच सुरू झाले असेल तर?

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, पकड सैल होणे ही मनगटातली नस दबल्याची लक्षणे असू शकतात. मुंग्या करंगळीत येत असतील, तर दुसऱ्या नसेवर ताण असू शकतो. अशा वेळी नवा कीबोर्ड मागवून वाट पाहत बसू नये. डॉक्टरांना हात दाखवावा. कीबोर्ड बदलल्याने दुखणे बरे होईलच असे नाही.

दुखणे नसलेल्यांनीही दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात कळांवरून उचलावेत, मुठी उघडझाप कराव्यात, खांदे फिरवावेत. गिऱ्हाइकांची रांग असली, तरी दोन अर्जांच्या मध्ये एवढा वेळ काढता येतो. बजेट दोन हजारांचे असेल, तर आधी खुर्चीची उंची नीट करावी आणि उरलेल्या पैशांत हलक्या स्विचचा, वायरचा, हॉट स्वॅप असलेला कीबोर्ड शोधावा. दिवे नसले तरी चालेल.