इंडिगोच्या एटीआरमध्ये सीट 78च का?

विमानाचं तिकीट बुक करताना फ्लाइटचे डिटेल्स उघडलेत, तर ‘एटीआर’ किंवा ‘ए320’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसतं. बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. मी आधी तेच बघतो. एखाद्या छोट्या शहराला विमान का मिळतं किंवा का मिळत नाही, याचं अर्धं उत्तर तिथे असतं.

हैदराबाद–कोल्हापूर घ्या. या मार्गावर इंडिगोने एटीआर 72 हे पंख्याचं विमान लावलं. सीट 78. कंपनीकडे 180 आणि 186 सीटची ए320 भरपूर आहेत, मग हे वेगळं विमान कशाला? समजा, एका फेरीला 60 प्रवासी मिळतात. ए320 मध्ये बसवले तर दोन तृतीयांश विमान रिकामं. एटीआर मात्र पाऊणपेक्षा जास्त भरतं, आणि इंधनही बरंच कमी पितं. वेग ताशी 500 किमीच्या आसपास, म्हणजे जेटपेक्षा खूपच कमी. पण चारशे-पाचशे किमीच्या प्रवासात त्याने फार तर थोडी मिनिटं जास्त जातात.

आता 78 चं बघू. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनक्षमतेच्या देशांतर्गत नियमित विमानांना लँडिंग चार्ज माफ आहे. म्हणजे आणखी दोन सीट घुसवल्या की बिल सुरू! दुसरी सवलत वजनाची. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर आहे, राज्यं त्यावर आपापला कर लावतात. पण 40,000 किलोपेक्षा कमी कमाल वजनाच्या विमानांसाठी त्या कराला केंद्राच्या कायद्याने मर्यादा घातली आहे. एटीआर पूर्ण भरून साधारण 23 टन, ए320निओ 79 टन. फरक सरळ आहे.

मग सगळीकडे छोटीच विमानं का नाहीत? पायलट दोन्हीकडे दोनच लागतात, त्यामुळे विमान भरणार असेल तर दर सीटमागे मोठं विमानच स्वस्त पडतं. आणि मुंबईत अडचण वेगळीच आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, मोजकेच. 78 सीटच्या विमानालाही एक स्लॉट लागतो आणि 186 वाल्यालाही एकच. कंपनी तो दिल्लीला देईल की जळगावला? ‘प्रवासी आहेत, तरी मुंबईचं सकाळचं विमान नाही’ ही तक्रार छोट्या शहरांत ऐकू येते, तिचं मूळ मला तरी इथेच दिसतं. नवी मुंबई विमानतळ या शहरांसाठी महत्त्वाचा आहे तो म्हणूनच.

जाता जाता: एटीआरमध्ये चढ-उतार मागच्या दारातून होते. लवकर उतरायला मिळेल म्हणून जादा पैसे देऊन पहिली रांग घेऊ नका, तिथले लोक सगळ्यात शेवटी उतरतात.