रोषणाई करा, पण भाराचा हिशेब मांडून

दिवाळीत घर, अंगण, गोठा उजळावा असे कोणाला वाटत नाही? पण पेरणीआधी बियाण्याचा हिशेब करतो, तसा माळा लावण्याआधी विजेच्या भाराचाही करावा.

हिशेब सोपा आहे. दिव्यांवर लिहिलेल्या वॅटची बेरीज करून तिला २३० व्होल्टने भागा, की अँपिअर निघतात. १५ वॅटचे ४० बल्ब म्हणजे ६०० वॅट. ५०० वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे १,००० वॅट. एकूण १,६०० वॅट, म्हणजे सुमारे ७ अँपिअर. घरातला साधा प्लग असतो ६ अँपिअरचा! अशाने वायर तापते, वेष्टण वितळते, ठिणगी पडते. शेजारी कडब्याची गंज असेल, तर पुढचे सांगायला नको.

त्याऐवजी १ वॅटचे ४० एलईडी दिवे व ५० वॅटचे दोन एलईडी फ्लडलाइट लावा. भार १४० वॅट, एक अँपिअरही नाही.

फ्यूज गेल्यास जाड तार घालू नये. २००३ च्या वीज कायद्याने आकडा टाकणे गुन्हा आहे. सोललेली माळ गोठ्याच्या पत्र्याला टेकली, तर पत्र्यात वीज उतरते. वसुबारसेला जिला ओवाळायचे, त्या गाईच्या जिवाशी खेळ नको.