साडेपाचची बस आणि त्रेचाळीस फूट

शाळेच्या मैदानाच्या कडेला, कडुनिंबापासून थोडं पुढे, जमिनीत एक चर पडला आहे. हातभर लांब आणि पुढे उथळ होत गेलेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सॉफ्टबॉलच्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, मुलीनं तो मला दाखवला. उजव्या पायानं जमीन मागे रेटून अंग पुढे झोकायचं आणि मग त्याच पायाचा चवडा जमिनीवरून ओढत न्यायचा. रोज असं केलं की दोन महिन्यांत असा चर पडतो. तिच्या उजव्या बुटाचं टोकही त्यामुळेच फाटलं होतं. त्यावर तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवून घेतला होता.

‘आमच्याकडच्या पोरांत चिकाटीच नाही, जळगाव-अमरावतीची पोरं बघा’ हे वाक्य आपल्या मैदानांवर फार सहज बोललं जातं. तो बूट पाहिल्यापासून मला ते ऐकवत नाही. खेळाडू घडतो कसा हे एकेक करून पाहिलं, तर दोन भागांतला फरक नेमका कुठे पडतो ते दिसतं.

आधी खेळ. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात बंद दालनात हा सुरू झाला, बॉक्सिंगच्या ग्लोव्हजचा चेंडू आणि झाडूचा दांडा घेऊन. आजचा चेंडू नावाला सॉफ्ट आहे. घेर १२ इंच, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. एका बाजूला नऊ खेळाडू, सात इनिंग, दोन बेसमध्ये ६० फूट. चेंडू खालून टाकायचा, हात पूर्ण गोल फिरवून. महिलांच्या खुल्या गटात पिचर आणि होम (जिथे फटका मारणारी उभी राहते) यांमधलं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. आपल्याकडे बॅटला बहुतेक खेळाडू ‘स्लगर’ म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणू.

सगळी गोम या त्रेचाळीस फुटांत आहे. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साडेअकरा-बारा मीटरच कापायचे असतात. ताशी ६० किलोमीटरनं आलेल्या चेंडूला स्लगरपाशी पोचायला सुमारे ०.७ सेकंद लागतात. ताशी ९५ किलोमीटरचा असेल तर ०.४५ सेकंद. तेवढ्यात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि स्लगर फिरवायची. ही नजर व्यायामानं येत नाही, पुस्तकानं येत नाही. वेगवान पिचरसमोर शेकडो वेळा उभं राहिल्यावरच ती येते. म्हणून ज्या गावात एक चांगली पिचर असते, तिथल्या सगळ्या मुली चांगल्या मारतात. जिथे पिचर नाही, तिथे मास्तर हातानं सावकाश चेंडू टाकून देतात, मुली त्यावर लांब लांब फटके मारतात, आणि विभागीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात तीन चेंडूंत बाद होऊन परततात. त्या दिवशी त्यांची चिकाटी कमी पडलेली नसते. तसा चेंडू त्यांनी त्याआधी पाहिलेलाच नसतो.

मग असे चेंडू वर्षाकाठी किती पाहायला मिळतात? शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्यात आठ क्रीडा विभाग आहेत आणि यवतमाळ अमरावती विभागात येतं, अकोला, वाशीम, बुलढाण्यासोबत. समजा एखाद्या शाळेचा संघ जिल्ह्यात तीन सामने खेळला आणि विभागात आणखी दोन. एका सामन्यात एका मुलीच्या वाट्याला दोन-तीनदा स्लगर येते. म्हणजे वर्षभरात फार तर पंधरा वेळा तिनं खऱ्या सामन्यातल्या खऱ्या पिचरला तोंड दिलं. अमेरिकेत क्लबकडून खेळणारी याच वयाची मुलगी एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेतच चार-पाच सामने खेळते. आपल्या मुलीचं अख्खं वर्ष तिच्या दोन दिवसांत संपतं. दोघींची जिद्द शेजारी ठेवून मोजायची असेल, तर आधी हा हिशेब मांडायला हवा.

खुद्द अमेरिकेतही भागाभागांत संधीचा हा भेद मोठा आहे. तिथल्या विद्यापीठांची महिला सॉफ्टबॉलची सर्वोच्च स्पर्धा १९८२ मध्ये एनसीएए या क्रीडा संघटनेकडे आली. पुढची तेवीस वर्षं विजेतेपद मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एकदाही गेलं नाही. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या संघांनी जवळजवळ मक्ताच घेतला होता, कारण तिथे बारा महिने ऊन आणि बारा महिने मैदान. उत्तरेकडे हिवाळ्यात मैदानावर बर्फ, सराव छपराखाली आणि हंगामाचे सुरुवातीचे सामने दूर दक्षिणेत जाऊन खेळायचे. २००५ मध्ये बर्फाच्या प्रदेशातल्या मिशिगन विद्यापीठानं दहाव्या इनिंगपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला ४-१ नं हरवलं. त्यांची पिचर जेनी रिटर त्याच राज्यातल्या डेक्स्टर या लहान गावची. बर्फ काही त्या वर्षी कमी पडला नव्हता. छपराखाली का होईना, सराव चालू होता, आणि बलाढ्य संघांशी गाठ पडावी म्हणून प्रवास ठरवून केलेला होता.

आपल्याकडे बर्फ नाही, काळी माती आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. लगेच पाऊस. शालेय स्पर्धा साधारण ऑगस्टपासून लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत मैदानाचा राडा झालेला असतो. चेंडू चिखल पिऊन जड होतो, त्याची शिवण बोटांना लागत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि जमिनीवरून येणारा चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम राहत नाही. ज्या शाळेनं बेसच्या चौकोनात मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला, तिथल्या मुली चेंडूच्या पुढ्यात वाकून बसतात. जिथे तो नाही, तिथल्या मुली चेंडू तोंडावर येईल म्हणून मान वळवतात. ही मान वळवण्याची सवय पुढे सुटता सुटत नाही. चेंडू हातातून अर्धा सेकंद निसटला, तर बेसकडे धावणारी मुलगी तेवढ्यात तीन मीटर पुढे गेलेली असते, आणि सॉफ्टबॉलमध्ये सेफ आणि आउट यांतलं अंतर बहुतेक वेळा त्याहून कमी असतं.

तरी माती आणि ऊन यांवर सगळं ढकलता येत नाही, कारण जळगाव. तिथेही काळी माती, तिथेही कापूस, तिथेही मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. पण जळगाव हे राज्यातल्या सॉफ्टबॉलचं जुनं ठाणं आहे. राज्य संघटनेचं काम तिथून चालत आलं. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ साली सुरू झालेलं. तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय असल्यानं शिकवणारेही घडतात आणि शिकणारेही. अशा ठिकाणी खेळ एका माणसाच्या बदलीवर अवलंबून राहत नाही. मोठी मुलगी धाकटीला चेंडू धरायला शिकवते. आपल्या तालुक्यांत एखादे सर पदरमोड करून संघ उभा करतात, पाच-सहा वर्षं तो विभागापर्यंत जातो, सरांची बदली होते आणि ग्लोव्हजची पेटी शाळेच्या कपाटात पडून राहते. पेटी असते, पण डाव्या हातानं फेकणाऱ्या मुलीला कोणता ग्लोव्ह लागतो हे सांगणारं कुणी उरत नाही.

आता बस. यवतमाळ जिल्हा १३,५०० चौरस किलोमीटरांहून मोठा, सोळा तालुक्यांचा. खेड्यातली मुलगी तालुक्याच्या शाळेत येते ती एसटीच्या पासावर किंवा मानव विकासच्या निळ्या बसनं. शाळा सुटते पाच वाजता, बस साडेपाचला. त्यानंतरच्या बसचा भरवसा नाही, आणि अंधार पडल्यावर पोरगी फाट्यावर एकटी उतरणार म्हटल्यावर आईबाप का नाही म्हणतात ते कळायला वेळ लागत नाही. म्हणून संध्याकाळचा सराव गावातल्या मुलींचाच होतो. नऊ जणींच्या संघातल्या चौघी बसच्या असतील, तर डबल प्लेसारखी, म्हणजे एकाच चेंडूवर दोघींना बाद करण्याची, गोष्ट शिकवायची कशी? शॉर्टस्टॉपनं उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर जायचा असतो, आणि पहिला बेस तेव्हा खिडकीशी बसून घरी चाललेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर लावावं, तर पऱ्हाटी फुटलेली असते आणि वेचणीला घरचे हात लागतात. या मुली पहाटे वावरात, दुपारी शाळेत. त्यांना कष्टाची सवय नाही असं म्हणणाऱ्यानं एक दिवस कापूस वेचून बघावा.

आणखी एक अडचण नकाशातली. उमरखेडला नांदेड जवळ, वणीला चंद्रपूर जवळ. पण शालेय स्पर्धेच्या रचनेत नांदेड लातूर विभागात, चंद्रपूर नागपूर विभागात. ज्यांच्याशी दर महिन्याला सहज मैत्रीपूर्ण सामना होऊ शकेल ते शेजारी कागदावर परके, आणि स्वतःच्या जिल्ह्याचं ठिकाण शंभरावर किलोमीटर दूर. स्पर्धेची रचना राहू द्यावी. पण मैत्रीपूर्ण सामन्याला कोणत्याही विभागाची परवानगी लागत नाही. एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वणीच्या मुली चंद्रपूरला जाऊन दोन सामने खेळून आल्या, तर वर्षाच्या पंधरा वेळांत चार ते सहाची भर एका दिवसात पडते.

जमेची बाजूही सांगायला हवी. खो-खो खेळलेल्या मुली बेसवर फार लवकर तयार होतात. खांबाला वळसा घालताना अंग आत झुकवायची सवय बेस ओलांडून पुढे पळताना जशीच्या तशी उपयोगी पडते. पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही हा नियमही त्यांना पटकन कळतो, कारण खो मिळेपर्यंत बसून राहणं अंगात मुरलेलं असतं. क्रिकेटमधून आलेल्या मुलांना जास्त वेळ द्यावा लागतो. ती स्लगर सरळ आणतात आणि फटका मारल्यावर ती हातात घेऊनच पळतात. घसरून बेस गाठायला मुरमावर कुणी धजत नाही, गुडघे सोलतात. पण श्रावणातल्या ओल्या मैदानावर, खाली पोतं अंथरलं की, त्याच मुली हसत हसत घसरतात. ज्या चिखलानं सराव बुडतो, तोच या एका गोष्टीला सोयीचा आहे.

चिकाटीची गोष्ट निघाली की जपानच्या युकिको उएनोचं नाव येतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिनं दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्ण जिंकलं. टोकियोतही अंतिम सामना ती खेळली, जपान पुन्हा जिंकलं. पॅरिसला वगळलेला हा खेळ २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये परत येतो आहे, त्यामुळे हे उदाहरण आता पुन्हा जागोजाग दिलं जाईल. तेरा वर्षांच्या मुलीला ते देऊ नये. खालून टाकलेल्या चेंडूनं खांद्याला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. हात गोल फिरताना खांद्याचा सांधा ज्या ओढीनं ताणला जातो, ती जवळपास शरीराच्या वजनाइतकी असू शकते. संघात एकच पिचर असेल तर तिलाच रोज, सगळ्या सामन्यांत, सगळ्या इनिंग टाकायला लावलं जातं, आणि ‘मेहनती पोरगी’ म्हणून तिचं कौतुक करता करता सतराव्या वर्षी तिचा खांदा निकामी होतो. एका संघात किमान तिघी पिचर हव्यात. तिसरी नुसती बरी असली तरी चालेल. तिच्यामुळे सरावात स्लगर धरणाऱ्यांना खरा चेंडू मिळतो आणि पहिलीला विश्रांती.

त्या तालुक्याच्या गावी सरांनी सराव आता सकाळी घेतला आहे. पहिली बस सव्वानऊला पोचते, शाळा साडेदहाला. मधल्या वेळात बसच्या मुलीही असतात. कडुनिंबाजवळ आता दुसरा चर पडू लागला आहे, थोडा आखूड, सातवीतल्या मुलीचा. पिचरचा चेंडू झेलणाऱ्या कॅचर मुलीच्या उजव्या खिशात मोजून चाळीस चिंचोके असतात. एक चेंडू मिटमध्ये आला की एक चिंचोका डाव्या खिशात जातो. उजवा खिसा रिकामा झाला की ती उभी राहते, मास्क वर करते, आणि पिचरनं कितीही ‘अजून एक, अजून एक’ केलं तरी खाली बसत नाही.