पिशवीची गाठ गुरांच्या जिवावर

शिळी पोळी, भाजीचे देठ, फळांच्या साली प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून कचराकुंडीत टाकण्याची सवय अनेक शहरी घरांत आहे. हीच गाठ मोकाट गुरांच्या जिवावर बेतते. अन्नाच्या वासाने आलेल्या गाईला पिशवी सोडता येत नाही. ती पिशवीसकट अन्न गिळते.

गाईच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या, पहिल्या कप्प्यात प्लॅस्टिक पचत नाही आणि सहसा पुढेही सरकत नाही. त्याचा गोळा वाढत जातो आणि चाऱ्याला जागा उरत नाही. अखेर शस्त्रक्रिया करून तो काढावा लागतो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तरीही दूध व किराणा मालाची वेष्टने घरात येतातच. त्यामुळे ओला कचरा झाकणाच्या डब्यात साठवून पिशवीविना घंटागाडीत द्यावा. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा होऊ देऊ नये. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्यावी. गच्चीत जागा असल्यास साली-देठांचे कुंडीत खत करता येते. रोजचे हे दोन मिनिटांचे काम एखाद्या मुक्या जनावराचा जीव वाचवू शकते.